दक्षिण इंग्लंडचा किनारा कॅमेऱ्यातून : खडूचे कडे, गोट्यांचे किनारे आणि थंडीतली गावं

किनारवेडी

दर उन्हाळ्यात इथे कोणी ना कोणी विचारतं की लंडनहून एका दिवसात जाऊन समुद्राचे चांगले फोटो कुठे मिळतील. उत्तरादाखल जागांची यादी मिळते. ती घेऊन माणूस जुलैच्या भर दुपारी सेव्हन सिस्टर्सला पोचतो आणि पांढरेफटक फोटो घेऊन परत येतो. मला ससेक्समध्ये राहून बरीच वर्षं झाली. हा किनारा मी सगळ्या ऋतूंत पाहिला आहे. त्यामुळे या धाग्यात जागांपेक्षा वेळेबद्दल जास्त लिहिते.

सुरुवात सेव्हन सिस्टर्सपासूनच करू. सीफर्ड आणि ईस्टबोर्नच्या मधले हे खडूचे कडे. त्यांची तोंडं साधारण नैर्ऋत्येला आहेत. जूनमध्ये इथे सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. म्हणजे सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन कड्यांच्या पाठीवर पडतं आणि समोरची भिंत निळसर सावलीत राहते. डिसेंबरात सगळं उलटं. सूर्य आग्नेयेला उगवतो, नैर्ऋत्येला मावळतो आणि भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून १५-१६ अंशांच्या वर चढत नाही. दिवसभर तिरकं ऊन मिळतं. तीननंतर तर ते थेट कड्यांच्या तोंडावर येतं. खडू आधी पिवळसर होतो, मग फिकट गुलाबी. चारच्या सुमारास सूर्य बुडाला की पुढची दहा-पंधरा मिनिटं कडे आकाशापेक्षा उजळ दिसतात. माझ्या मते या जागेचा खरा फोटो त्या दहा-पंधरा मिनिटांत आहे.

उभं राहायचं ते पलीकडच्या, म्हणजे सीफर्डच्या बाजूला. सीफर्ड हेडकडून उतरत आलात की कोस्टगार्डची जुनी कॉटेजेस लागतात. ती पुढ्यात ठेवली की मागच्या कड्यांची उंची कळते. नुसते कडे काढले तर कशाचाच अंदाज येत नाही.

तिथूनच आत एक्सिट गावाच्या बाजूला ककमीर नदीची नागमोडी वळणं आहेत. १९व्या शतकात सरळ कालवा काढून नदीचं पाणी त्यातून वळवलं गेलं. त्यामुळे जुन्या वळणांतलं पाणी जवळपास स्थिर असतं. वारा पडलेल्या सकाळी त्यात अख्खं आकाश उतरतं. ही जागा उन्हाळ्यात भल्या पहाटेही छान मिळते, फक्त जूनमध्ये सूर्योदय पावणेपाचला असतो हे लक्षात ठेवा.

एक्स्पोजरबद्दल, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा याबद्दल, एवढंच सांगते. चौकटीत पांढरं जास्त असेल तर कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फोटो काळवंडवतं आणि खडू राखाडी येतो. समुद्र जास्त असेल तर तेच मीटर खडू जाळून टाकतं, म्हणजे नुसता पांढराफटक करतं. जळलेला खडू नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून कॅमेऱ्यातली हायलाइटची (उजळ भाग जळतोय हे दाखवणारी) सूचना चालू ठेवा, खडूतल्या आडव्या रेघा शाबूत राहतील इतकंच एक्स्पोजर द्या आणि सावल्या घरी येऊन उचला. त्या रेघांत चकमकीच्या गारांचे काळे थर असतात. ते दिसले नाहीत तर कडा चुना फासलेल्या भिंतीसारखा दिसतो.

आणि कृपा करून कड्याच्या टोकाला जाऊ नका. वरून गवत घट्ट दिसतं, पण खालून समुद्राने खडू पोखरलेला असतो आणि मोठमोठे तुकडे काही सूचना न देता कोसळतात. इथल्याच कड्यावरच्या बर्लिंग गॅप या वस्तीची घरं एकेक करून अशीच गेली. बेल टाउट हे जुनं दीपगृह १९९९ मध्ये अख्खंच्या अख्खं उचलून १७ मीटर मागे सरकवावं लागलं. खाली किनाऱ्यावर असाल तर कड्याच्या पायथ्याशी बॅग ठेवून बसू नका. पावसानंतर तर मुळीच नाही.

पश्चिमेकडच्या डॉर्सेट परगण्याबद्दल तिकडच्या लोकांनी लिहावं. प्रश्न असतील तर विचारा.

रेडिंगकर

ताई, वाचनखूण साठवली. पण आमची अडचण वेगळी आहे. आई-बाबा मेच्या शेवटी येताहेत आणि जूनअखेर परत जातील. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे कडे चढणं-उतरणं होणार नाही. माझ्याकडे कॅमेरा नाही, फोनच आहे. हिवाळ्यात या म्हणालात तर आमचं कसं व्हायचं? दोघांना समुद्र दाखवायचा आहे आणि फोटोही हवेत, तेही नुसते 'आई-बाबा समुद्रासमोर उभे' असे नकोत.

मिरकरवाडा

मी रत्नागिरीतून वाचतोय, तिकडे कधी आलो नाही. पण समुद्र आणि कॅमेरा या दोन्हींशी रोजचा संबंध आहे म्हणून दोन गोष्टी लिहितो.

पहिली मिठाची. किनाऱ्यावर वारा असला की डोळ्यांना न दिसणारा खारा फवारा भिंगावर बसतो. कोरड्या फडक्याने पुसलंत तर मिठाचे खडे काचेवर घासले जातात. आधी गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने टिपून घ्या, मग कोरडं कापड. ट्रायपॉडचे पाय घरी आल्यावर उघडून गोड्या पाण्याने धुवायचे आणि सुकल्याशिवाय बंद करायचे नाहीत. आमच्याकडे पावसाळ्यात हे एक दिवस टाळलं तरी स्क्रू धरतात.

दुसरी भरती-ओहोटीची. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण सगळ्यात जोरात असतं आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं. हे तिकडेही तसंच असणार. पण पाणी किती चढतं-उतरतं आणि उधाणाच्या दिवसांत ओहोटी घड्याळात किती वाजता येते, हे ठिकाणावर असतं. तिकडचा हिशोब कोणी सांगेल का?

किनारवेडी

मिरकरवाडा, नेमका प्रश्न विचारलात. इथे फोटो काढणाऱ्यांतलेही फार थोडे जण हा हिशोब मांडतात.

ब्रायटनला उधाणाच्या दिवसांत पाणी सहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. पश्चिमेला डॉर्सेटकडे, म्हणजे स्वानेज आणि पूल या गावांच्या भागात, तेच जेमतेम दोन मीटर. त्यामुळे तिथे ओहोटीने चित्र फारसं बदलत नाही, ससेक्समध्ये मात्र पूर्ण बदलतं. ब्रायटनचा किनारा गोट्यांचा आहे असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण उधाणाची ओहोटी लागली की गोट्यांच्या खाली सपाट ओली वाळू उघडी पडते. वेस्ट पिअर या जुन्या धक्क्याच्या सांगाड्याचं प्रतिबिंब त्या वाळूत पडतं. तो फोटो एरवी मिळतच नाही.

आता वेळ. ससेक्सच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. मार्च आणि सप्टेंबरात सूर्योदय-सूर्यास्तही त्याच वेळेला असतात. शिवाय विषुवदिनांच्या आसपासची उधाणं वर्षात सगळ्यात मोठी. ओली वाळू, सर्वात लांब गेलेलं पाणी आणि मावळतीचं ऊन हे तिन्ही एकत्र यायचे मोजकेच दिवस असतात. मी ते वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहून ठेवते. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर घड्याळं बदलतात, त्यामुळे उन्हाळी वेळेत एक तास मिळवायला विसरू नका. भरती-ओहोटीचे तक्ते ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या ईझीटाइड या संकेतस्थळावर मिळतात.

वेस्ट पिअर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : १८६६ मध्ये तो खुला झाला. युजीनियस बर्चने बांधला. १९७५ मध्ये बंद पडला आणि २००३ मध्ये दोनदा आगी लागल्या. आता पाण्यात लोखंडी सांगाडा तेवढा उभा आहे. हिवाळ्यात सूर्य समुद्राच्या बाजूला मावळतो तेव्हा तो काळा, रेखीव दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैनांच्या जातीचे स्टार्लिंग पक्षी हजारोंनी संध्याकाळी घिरट्या घालतात आणि शेजारच्या पॅलेस पिअर या दुसऱ्या धक्क्याखाली मुक्कामाला उतरतात. त्यासाठी शटर किती वेळ उघडा ठेवायचा यावर मतं अनेक आहेत. मला १/३० सेकंदाच्या आसपास आवडतो, थवा धुरासारखा येतो. पक्षी सुटे हवे असतील तर १/५०० च्या पुढे जा.

रेडिंगकर, तुमच्याबद्दल जरा निवांत लिहिते, थांबा.

पूलवासी

डॉर्सेटची जबाबदारी माझी.

एक्समथजवळच्या ऑर्कम पॉइंटपासून स्टडलंडच्या ओल्ड हॅरी रॉक्सपर्यंतचा ९५ मैलांचा किनारा म्हणजे जुरासिक कोस्ट. २००१ पासून जागतिक वारसा. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना खडक तरुण होत जातात. डेव्हनमध्ये लाल, मध्ये करडे-पिवळे आणि शेवटी पांढरा खडू. सगळा मिळून १८.५ कोटी वर्षांचा हिशोब. फोटोच्या दृष्टीने याचा अर्थ असा की दर वीस-पंचवीस मैलांवर रंग बदलतो. वेस्ट बेचा ईस्ट क्लिफ मावळतीला मधासारखा पिवळा होतो, तोच कॅमेरा घेऊन ओल्ड हॅरीला गेलात की व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरा रंग पांढराच यावा यासाठीच्या सेटिंगचा, विचार पहिल्यापासून.

ओल्ड हॅरी पहाटेचा. तोंड पूर्वेला आहे. स्टडलंडहून सपाट वाटेने चालत अर्धा तास. शेजारी त्याची 'बायको' म्हणून ओळखला जाणारा सुळका होता, तो १८९६ मध्ये कोसळला.

डर्डल डोर सगळ्यांना माहीत आहे. चुनखडीच्या त्या कमानीतून उगवता सूर्य आरपार दिसतो तो फक्त हिवाळ्यात, डिसेंबरच्या आगेमागे. उन्हाळ्यात सूर्य जमिनीच्या बाजूने उगवतो, त्यामुळे त्या फोटोच्या आशेने जुलैत येऊ नका. खाली उतरायला तीव्र उतार आणि पायऱ्या आहेत.

पण माझा जीव आहे तो चेसिल बीचवर. १८ मैल लांब गोट्यांचा बांध आहे, मागे फ्लीट नावाचं खारं पाणी आणि पुढे खुला समुद्र. वेस्ट बेकडे गोटे वाटाण्याएवढे असतात आणि पोर्टलंडकडे जाता जाता मोठे होत होत बटाट्याएवढे होतात. लाटांनी हे काम इतक्या नीट केलंय की धुक्यात किंवा रात्री होडी लागली तर जुने कोळी नुसता गोटा हातात घेऊन आपण किनाऱ्यावर कुठे आहोत ते ओळखत, असं इथे पिढ्यानपिढ्या सांगतात. वरून अख्खा बांध पाहायचा तर पोर्टलंडच्या माथ्यावर जा. खाली असाल तर ट्रायपॉड अगदी बुटका लावा, शटर अर्धा सेकंद ठेवा आणि लाट परत जाताना बटण दाबा. येणाऱ्या लाटेचा नुसता पांढरा गोळा होतो. परतणारी लाट गोट्यांच्या फटींतून फेसाच्या रेघा ओढत नेते. ओले गोटे त्या वेळी निळे, तपकिरी, लालसर असे सुटे सुटे दिसतात, आणि त्यांचा खळखळाट इतका मोठा असतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. पोलरायझर लावलात तर चकाकी जाऊन रंग उठतात, पण पूर्ण फिरवू नका, ओलेपणाच नाहीसा होतो.

किनारा एकदम खोल आहे आणि लाट ओढून नेते. वाऱ्याच्या दिवशी पाण्याजवळ जायचंच नाही, लांब भिंग लावा. आणि गोटे आठवण म्हणून खिशात घालू नका, ते कायद्याने चालत नाही.

लाँग एक्स्पोजर शिकायचं असेल त्यांनी स्वानेजचा जुना धक्का गाठावा. वरचा तक्ता कधीच गेला, पाण्यात लाकडी खांबांच्या दोन रांगा उरल्यात. १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड सुमारे हजारपट कमी करणारी काच, लावला की १/३० सेकंदाचा शटर जवळपास ३० सेकंदांवर जातो, पाणी दुधासारखं सपाट होतं आणि खांब तेवढे उरतात.

चौकट

पूलवासी, माहिती उत्तम आहे. तरीही माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. डर्डल डोरच्या कमानीतला सूर्य, स्वानेजचे खांब, सेव्हन सिस्टर्सची कॉटेजेस हे फोटो आता डोळे मिटून आठवता येतात. डिसेंबरात तिथे ट्रायपॉडला ट्रायपॉड लागलेला असतो. या किनाऱ्याचं जे खास आहे ते मला गावांत दिसतं. बरीच गावं १९व्या शतकात रेल्वे आल्यावर सुट्टीसाठी वाढली. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोक स्वस्त विमानांनी स्पेनला जायला लागले आणि इथली हॉटेलं, बोर्डिंग हाउसं रिकामी पडली. आता काही गावं पुन्हा सावरताहेत. हा सगळा इतिहास दर्शनी भिंतींच्या रंगावर, खाऱ्या हवेने गंजलेल्या कठड्यांवर, बंद आइस्क्रीमच्या टपरीवर लिहिलेला आहे. तो फेब्रुवारीतल्या एखाद्या ढगाळ मंगळवारी सगळ्यात स्पष्ट वाचता येतो. ढगाळ उजेडात ब्रायटनशेजारच्या होव्हच्या बीच हट्सचे (किनाऱ्यावरच्या छोट्या रंगीत लाकडी खोल्यांचे) रंग जितके खरे येतात तितके उन्हात येत नाहीत.

हेस्टिंग्जला जा. स्टेडवर, म्हणजे होड्या ठेवायच्या किनाऱ्यावर, काळ्या लाकडी खोल्या आहेत, अरुंद आणि दोन-तीन मजली उंच. किनाऱ्यावर जागा कमी, म्हणून जाळी ठेवायला त्या अशा उभ्या बांधल्या. डांबर फासलेल्या फळ्यांवर पाऊस पडून गेला की त्या काळ्या रंगात किती छटा असतात ते कळतं. फोटोत त्या छटा आणायच्या तर एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर नुसता काळा ठोकळा.

मिरकरवाडा

हेस्टिंग्जला बंदर आहे की होड्या वाळूवरच ओढतात? तिथले फोटो पाहिले, त्यांत होड्या गोट्यांवर उभ्या दिसताहेत.

चौकट

बंदर नाही. गोट्यांवरून थेट पाण्यात आणि परत वर ओढून. पूर्वी माणसं आणि चाकं, आता बुलडोझर आणि विंच. किनाऱ्यावरून सुटणारा युरोपातला सगळ्यात मोठा मच्छिमार ताफा तो हाच असं सांगतात. सकाळी होड्या परतताना थांबा, पण कामाच्या आड येऊ नका. तारा ताणलेल्या असतात. आधी हात करून विचारा, बहुतेक जण मान डोलावतात. सार्वजनिक जागी माणसांचे फोटो काढायला इथे कायद्याने मनाई नाही, तरी किनाऱ्यावर पोहणारी मुलं असतील तिकडे कॅमेरा वळवू नये असं माझं ठाम मत आहे.

किनारवेडी

चौकट, गावांबद्दल शंभर टक्के सहमत. कड्यांबद्दल नाही. खडूचा कडा दरवर्षी सरासरी तीस-चाळीस सेंटिमीटर मागे जातो आणि तोही ठोकळ्या-ठोकळ्यांनी. दहा वर्षांपूर्वीचा बर्लिंग गॅपचा फोटो आणि आजचा शेजारी ठेवा, ती एकच जागा राहिलेली नाही. म्हणून हजारो लोकांनी काढला असला तरी तोच फोटो पुन्हा काढावा, त्याच जागी उभं राहून, तारीख लिहून. मी एका ठरावीक कुंपणाच्या खांबापासून काढत आले. तो खांब गेला तेव्हा मागच्या खांबावर आले.

ड्रोनचं कोणी विचारेल म्हणून आधीच : सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीकडे नोंदणीचे नियम आहेत ते बघून घ्या. आणि यातली बरीच जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची आहे, तिथून परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. कड्यांवर पक्ष्यांची घरटी असतात, तेव्हा हा नियम मला योग्यच वाटतो.

सईचीआई

ब्रायटनला जाणाऱ्यांनी जरा वर टेकडीवरची छत्री, म्हणजे हिंदी सैनिकांचं स्मारकही पाहावं, पॅचमजवळ आहे. पहिल्या महायुद्धात ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ केला होता. तिथे वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना या टेकडीवर अग्नी दिला. १९२१ मध्ये तिथे पांढऱ्या संगमरवराची घुमटाची छत्री उभी राहिली. गाडी तिथपर्यंत जात नाही, शेतातून चालत जावं लागतं. हवा स्वच्छ असेल तर मागे शहर आणि त्यामागे समुद्राची पट्टी दिसते. लांब भिंगाने घेतलं तर तिन्ही एका चौकटीत येतात. गाईगुरं चरत असतात, फाटक लावून घ्या.

रेडिंगकर

सईचीआई, बाबांना हे फार आवडेल. पण चालणं झेपेल का बघतो. किनारवेडीताई, वाट बघतोय.

किनारवेडी

रेडिंगकर, जून तुमच्यासाठी वाईट अजिबात नाही, फक्त कडे मुख्य धरू नका. असं करा.

रेल्वेने ब्रायटन. तिथून ईस्टबोर्नला जाणारी १२ नंबरची डबलडेकर बस. आई-बाबांना वर चढणं जमलं तर वरच्या मजल्यावर समोरच्या सीटवर बसवा. बस सीफर्डवरून एक्सिटला उतरते आणि ककमीरचं खोरं समोर उघडतं, पायाला त्रास न देता. फोन काचेला टेकवून धरा म्हणजे आतलं प्रतिबिंब येत नाही.

ईस्टबोर्नला समुद्रालगतचा रस्ता सपाट आहे, जागोजागी बाकं आहेत, फुलांचे ताटवे आहेत आणि वेस्ट पिअरवाल्या बर्चनेच बांधलेला धक्का आहे. दुपारी अकरा ते चार फोटोंचा हट्ट नको, फिश अँड चिप्स खा, सीगलपासून सांभाळून. सूर्यास्त सव्वानऊला आहे, त्यामुळे सातनंतरचे दोन तास खरे तुमचे. त्या वेळी ऊन जमिनीच्या बाजूने येतं आणि समुद्रासमोर बसलेल्या माणसाच्या गालावर बाजूने पडतं. आईंना धक्क्याच्या कठड्याशी उभं करून 'इकडे बघा' म्हणू नका. त्यांना पाण्याकडे बघू दे, तुम्ही बाजूने काढा. फोनमध्ये २x चं भिंग असेल तर ते वापरा. रुंद भिंगाने चेहरा ताणला जातो आणि समुद्र उगाच लांब जातो.

दुसरा दिवस काढता आला तर बेक्सहिल. १९३५ मधला डी ला वॉर पॅव्हिलियन तिथे आहे, एरिक मेंडेलसोन आणि सर्ज चेर्मायेफ यांचा. मरीन ड्राइव्हच्या इमारती ज्या दशकात उभ्या राहत होत्या त्याच दशकातला. समुद्राच्या बाजूला काचेच्या गोल भिंतीत वळणदार जिना आहे. बाबांना तो चढायला लावू नका, खाली उभे राहून सरळ वर फोन धरला की झालं. काचेतून समुद्राचा उजेड पायऱ्यांच्या खालच्या बाजूवर पडतो, ढगाळ दिवशी तर फारच सुंदर. बाहेर गच्चीवर चहा मिळतो.

छत्रीची वाट चढाची आहे, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांचा अंदाज घेऊनच ठरवा. आणि जूनमध्येही किनाऱ्यावर वारा बोचतो, दोघांसाठी एकेक जाकीट जवळ ठेवा.

पूलवासी

त्यात भर : मे-जूनमध्ये सकाळी समुद्रावरून धुकं येतं. पाणी अजून गार असतं आणि वरून उबदार हवा येते, त्यामुळे. लंडनला लख्ख ऊन आणि किनाऱ्यावर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही असं होतं. रेडिंगकर, तसं झालं तर परत फिरू नका. बहुतेक वेळा दुपारपर्यंत विरतं, आणि विरताना धक्क्याचं टोक हळूहळू बाहेर येतं ते फोनवरही छान येतं. निघण्याआधी त्या गावचा वेबकॅम बघून घ्या.

रेडिंगकर

सगळ्यांचे आभार. १२ नंबरची बस आणि बेक्सहिल पक्कं केलं. आई विचारतेय, बेक्सहिलला किनाऱ्यावर पाण्यात पाय बुडवता येतील का, की तिथेही गोटेच?

किनारवेडी

वर गोटे, ओहोटीला खाली वाळू. तुमची तारीख कळवा, ओहोटीची वेळ बघून सांगते. आईंना गोट्यांवरून चालायला रबरी तळाच्या चपला द्या.